वगळलेली ऐंशी पानं

आमचे लेखक यानवाले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या प्रकाशनाच्या ऑफिसात पहिला फोन आला, तो यान पोचलं का हे विचारायला. पलीकडच्या बाई आधी "वाईट झालं हो" म्हणाल्या, मग जरा थांबून म्हणाल्या, "पण शेवट लिहून ठेवलाय ना त्यांनी?" मी म्हटलं, नाही. "अरेरे. म्हणजे आमची बावीस वर्षं फुकटच गेली की."

त्यांची बावीस वर्षं. नाव सांगितल्यावर मी त्यांना ओळखलं होतं. याच बाईंनी नवव्या भागानंतर दोन पानी पत्र पाठवून कळवलं होतं की ही मालिका आता जागची हलत नाही, सबब आमचं वाचन आम्ही इथे थांबवत आहोत. थांबवलं नव्हतं. दरवर्षी पुस्तक घेत होत्या, दरवर्षी चडफडत होत्या, आणि आता माणूस गेल्यावर नुकसान त्यांचं झालं होतं. मी "ठेवते" म्हटलं आणि ठेवला.

तो फोन डोक्यात गेला म्हणून हे लिहितेय. शोकसभेत जे बोललं गेलं त्यानेही बरीच भर घातली. "संथ लयीचं सौंदर्य" असं तिथे तीन जण म्हणाले. त्यातल्या दोघांनी यानवाले जिवंत असताना काय लिहिलं होतं त्याची फाईल माझ्या कपाटात आहे.

यानवाले हे नाव आमच्या ऑफिसातलं. खरं नाव फक्त पुस्तकावर. पुण्याजवळ मांजरी गावाच्या बाजूला उसाच्या संशोधनात त्यांची सगळी नोकरी झाली, आणि निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांत ते कर्वेनगरला आमच्या ऑफिसात कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. एका बाजूला उसाच्या प्रयोगांचे छापील तक्ते, दुसऱ्या बाजूला कादंबरी. "लांबचा पल्ला" नाव. बाराशे माणसं घेऊन एक यान दुसऱ्या ग्रहाकडे निघतं. प्रवास चोवीस वर्षांचा. यानातल्या एका वर्षाचं एक पुस्तक, आणि वर्षाला एकच पुस्तक.

"म्हणजे चोवीस भाग?" आमच्या मालकांनी विचारलं.

"चोवीस वर्षांचे चोवीसच होतात," यानवाले म्हणाले.

मालक हसले. त्यांना वाटलं, दोन-तीन भागांत दम संपेल. मी हसले नाही, कारण पिशवीतून चोवीस घरांचा एक तक्ता बाहेर आलेला मी पाहिला होता आणि त्यातली बावीस घरं कोरी होती. ही माणसं कशी असतात ते मला माहीत आहे, माझे सासरे तसेच होते.

पुढे कधीतरी मी त्यांना विचारलं होतं, इतकं सावकाश कशासाठी. ते म्हणाले, "उसाची एक नवी जात शेतकऱ्याच्या हातात जायला दहा-बारा वर्षं लागतात. मध्ये काय होतं सांगू? काही नाही. लावायचा, बघायचा, तोडायचा, पुन्हा लावायचा. त्या काही नाहीमध्येच सगळं होतं."

हे ऐकायला छान वाटतं. पण त्यांच्याबरोबर काम करणं छान नव्हतं, हेही नोंदवते. पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला हस्तलिखित येणार. दहा पंचवीसला आले तर बाहेर कट्ट्यावर पाच मिनिटं बसणार. "मागील भागात काय घडले" असं अर्धं पान टाकू म्हटलं, तर म्हणाले, "ज्याने वाचलंय त्याला नको आणि ज्याने नाही वाचलं त्याला काय अधिकार?" प्रकरणांना नावं द्यायची नाहीत. मुखपृष्ठावर ग्रह दाखवायचा नाही, कारण तो अजून दिसत नाही. तेराव्या भागापर्यंत मुखपृष्ठावर काळोख होता. मालक दरवर्षी विचारायचे, "यंदा तरी एखादा तारा?"

आणि जे स्वतः करून पाहिलं नाही ते लिहायचं नाही, हा आणखी एक हट्ट. यानातल्या लांब बोळातून माणूस चालत जातो हे लिहायला ते त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घड्याळ लावून फेऱ्या मारायचे. नव्या वॉचमनने म्हातारा रस्ता चुकला असं समजून त्यांना तीनदा घरी आणून सोडलं. तिसऱ्यांदा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दार उघडून सांगितलं, "अहो, ते हरवलेले नाहीत. यानात आहेत. तासाभराने उतरतील."

आता वाचकांचं. या मालिकेच्या वाचकांनी मला जितका ताप दिला तितका माझ्या दोन मुलांनी मिळून दिलेला नाही. दरवर्षी आमचा वाचकमेळावा व्हायचा, जवळच्या शाळेच्या सभागृहात. तिथे दोन तट. एका बाजूला कोथरूडचे एक निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांचं मंडळ. हे गृहस्थ पत्रातसुद्धा मुद्द्यांना क्रमांक घालत. एका मेळाव्यात उठून ते म्हणाले, "साहेब, चौदाव्या भागात आपण एक दार उघडायला घेतलंत. पंधराव्यात ते उघडलं. सोळाव्यात आपण आत जाणार आहोत, की तिथेही रांग आहे?"

सभागृह हसलं. यानवाले म्हणाले, "दार जड आहे." आणि पाणी प्यायले.

त्याच गृहस्थांनी एकदा लिहिलं होतं की एकशे बारा पानं वाचूनही एकही घटना सापडली नाही. यानवाल्यांचं पोस्टकार्ड गेलं: "एकशे तीन पानावर एक माणूस मेला आहे. पुन्हा पाहावे." मी पाहिलं होतं. मेला होता. एका ओळीत, दूध गरम करायला ठेवल्या-ठेवल्या. बँकवाल्यांना तो दिसला नाही आणि मंडळातल्या कोणालाच दिसला नाही, पण पुस्तकात काही घडत नाही हे मात्र सगळ्यांना दिसत होतं. या गोष्टीचा मला अजून राग येतो. कंटाळा आला हे समजू शकते. न वाचता कंटाळा येतो हे कसं?

दुसऱ्या बाजूला कोण होतं, तर हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी. ती म्हणायची, "काका, ऑनेस्टली, पहिली पन्नास पानं मला जाम बोअर होतं. मग कधीतरी होत नाही. का ते सांगता येत नाही." आणि मार्केट यार्डात तोलणार म्हणून, म्हणजे मालाचं वजन करायचं काम करणारे एक गृहस्थ. मालाच्या गाड्या यायला उशीर झाला की पोत्यांवर बसून वाचायचे. पुस्तकाला कांद्याचा वास यायचा. ते म्हणाले होते, "आमच्याकडं समद्यांना घाई हाय. ह्यात कुणाला न्हाई. बरं वाटतं." एवढंच. त्यांना भाषण करता येत नव्हतं, त्यामुळे त्यांचं कोणी कुठे छापलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

यानावर एक माळीणबाई होती. नव्या ग्रहावर पहिलं पीक म्हणून ऊस लावायचा, त्यासाठी बेणं, म्हणजे लावणीच्या कांड्या, जिवंत ठेवणं हे तिचं काम. दरवर्षी लावायचा, तोडायचा, कांड्या करून पुन्हा लावायचा. सतराव्या भागात तिला शंका येते की बेण्यात रोग शिरलाय. त्यावर उपाय म्हणजे कांड्या ठरावीक तापमानाच्या गरम पाण्यात दोन तास बुडवून ठेवणं. जास्त तापलं तर कांडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मरतात, कमी तापलं तर रोग मरत नाही. ती बाई एकेक ट्रे असा बुडवत बसते. ऐंशी पानं. प्रत्येक ट्रे. यानवाल्यांनी घरी न्हाणीघरात टब आणि थर्मामीटर घेऊन महिनाभर हेच केलं होतं. काकू तेव्हा म्हणाल्या, "आमच्याकडे आंघोळीचा नंबर उसानंतर लागतो."

मालकांनी हस्तलिखित चाळलं आणि म्हणाले, "बाई, पाच फर्मे उडवा." सोळा पानांचा एक फर्मा. पाच म्हणजे ऐंशी, बरोबर तेवढीच. "त्यांना मी सांगतो नंतर." नंतर म्हणजे कधीच नाही, हे मला ठाऊक होतं. आणि मालकांवर ढकलून मी सुटत नाही. मलाही कंटाळा आला होता. सतरा वर्षं मी त्या यानात होते, आणि तिसऱ्या ट्रेनंतर मला वाटलं, पुरे. पेन्सिलीने तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीपासून सातव्याच्या शेवटापर्यंत रेघ मारायला मला पाच मिनिटं लागली.

त्या वर्षी यानवाल्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते नीट झालं नाही. मोठी अक्षरं दिसायची, छापील ओळ दिसायची नाही. म्हणून प्रुफं मी त्यांच्या घरी जाऊन दुपारी वाचून दाखवायचे. ते डोळे मिटून ऐकायचे, स्वल्पविरामसुद्धा सांगायला लावायचे. दुसरं प्रकरण संपलं. मी पाणी प्यायले आणि आठवं सुरू केलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मी निघाले तेव्हा म्हणाले, "आज लवकर आटोपलं." मी "हो" म्हटलं आणि चप्पल घातली.

पुस्तक आलं आणि पत्रांचा पाऊस पडला. यंदा यानाने वेग घेतला. लेखकाला अखेर वाचकांची दया आली. बँकवाल्यांनी सहा मुद्दे लिहिले आणि सहाही कौतुकाचे. मेळाव्याला गर्दी झाली. यानवाले व्यासपीठावर बसून ऐकत होते, आणि जो तो उठून वेगाबद्दल बोलत होता तसतसा त्यांचा चेहरा एखादा विसरलेला पत्ता आठवत असल्यासारखा होत चालला. आपण असं काय केलं हे त्यांना कळत नव्हतं.

मग मागच्या रांगेतून मार्केट यार्डातले गृहस्थ उठले. "एक इचारायचं होतं. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटाला माळीणबाईनं पाणी तापाय ठेवलंय. त्याच्या म्होरं पाणी पार गायबच हाय. एकदम सण आला. मधलं कुटं गेलं?"

मालक माईककडे धावले. "लेखकांच्या संमतीने थोडंसं संपादन केलं आहे. वाचकांच्याच आग्रहामुळे."

यानवाल्यांनी मालकांकडे पाहिलंही नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते. आवाजाचा अंदाज घेतात तसा त्यांनी चेहरा माझ्या बाजूला वळवला आणि विचारलं, "बाई, पाणी तापलं नाही का?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," ते म्हणाले. कार्यक्रम पुढे चालू झाला. पुण्यात कार्यक्रम असा थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी ते रिक्षाने ऑफिसात आले. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती, त्यांपैकी एकाचीही गरज पडली नाही. ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही वाचताना वगळलंत ते माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, घसा जपताय. मला ती पानं पाठ आहेत, म्हणून म्हटलं जाऊ दे."

"माझं चुकलं," मी म्हटलं. "पुढच्या आवृत्तीत घालू."

"आवृत्तीत काय घालणार? छापलं ते घडलं. यानातल्या लोकांना आवृत्त्या नसतात." ते उठले. "बेण्यावर प्रक्रिया झाली नाही. आता ते कुजणार. मी काय करू?"

मला वाटलं, रागाने बोलतायत. तसं नव्हतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी साडेदहाला अठरावा भाग आला आणि त्यात बेणं कुजलं. रोग ट्रेमागून ट्रे पसरतो, माळीणबाई कांडी चिरून बघते, आत लाल. यान सहा वर्षांनी उतरणार आणि खाली लावायला काही नाही. बाराशे माणसं खाणार काय, हे सगळ्यांना कळतं. त्या माणसाने आमच्या ऐंशी पानांची किंमत आपल्या बाराशे लोकांकडून घेतली, पण एका अक्षराने आमच्याकडे बोट दाखवलं नाही.

आणि वाचक? वाचक माळीणबाईवर तुटून पडले. निष्काळजी बाई. सतरा वर्षं एकच काम होतं, तेही धड केलं नाही. बँकवाल्यांच्या पत्रातला तिसरा मुद्दा असा: "वेळीच गरम पाण्याची प्रक्रिया केली असती तर हा प्रसंग टळला असता, एवढं साधं ज्ञान लेखकाने आपल्या पात्राला द्यायला हवं होतं." हे वाचून मी ऑफिसात टेबलावर हात आपटला. त्या बाईने केली होती प्रक्रिया. प्रत्येक ट्रे. ते लिहिलेलं होतं, ते टाईप झालं होतं, आणि ते तुम्हाला सोसलं नसतं म्हणून मी काढून टाकलं होतं. आता तुम्हीच तिला विचारणार, का केली नाहीस?

मी मालकांकडे गेले. म्हटलं, ती पानं पुरवणी म्हणून छापू या. ते म्हणाले, "वाचकांनी मागितली आहेत का?"

"एकाने मागितली. सगळ्यांसमोर."

"तो हमाल?"

"तोलणार," मी म्हटलं. "आणि सभागृहात पुस्तक वाचलेला तोच एक होता."

मालकांनी चष्मा पुसला. "बाई, तुम्ही इतक्या वर्षांत कधी अशा भावनाप्रधान झाला नाहीत."

मी भावनाप्रधान झालेच नव्हते. एक काम चुकलं होतं, ते दुरुस्त करायचं होतं. भिंतीला ओल आली तर प्लंबर बोलावतात, त्याला कोणी भावना म्हणत नाही.

एकोणिसाव्या भागाच्या सुरुवातीला एक पान कोरं जाणार होतं. त्या पानासाठी मी एक निवेदन लिहिलं, माझ्या नावाने, आणि मालकांना न विचारता फर्म्यात घातलं. पानं काढताना लेखकाला विचारलं नव्हतं, मग हे घालताना मालकांना कशाला? निवेदनात लिहिलं की सतराव्या भागातली ऐंशी पानं मी काढली. त्यात माळीणबाईने बेण्याच्या प्रत्येक ट्रेवर गरम पाण्याची प्रक्रिया केली आहे. बेणं कुजलं यात तिची काही चूक नाही, चूक माझी आहे. ती पानं ज्यांना हवीत त्यांनी ऑफिसात यावं, झेरॉक्स मिळेल. मधला परिच्छेद मी पानं का काढली याचा होता.

प्रुफं वाचायला यानवाल्यांकडे गेले. या वेळी काकू हस्तलिखिताची प्रत मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी वाचेन तशी बोटाने ओळ पुढे सरकवत होत्या. मागच्या वर्षीपासून ही व्यवस्था होती. कोणी त्याबद्दल काही बोललं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी आधी निवेदन वाचलं. काकू म्हणाल्या, "हे माझ्याकडच्या प्रतीत नाही."

"नाही. हे माझं आहे."

यानवाले डोळे मिटून बसले होते. "पुन्हा वाचा," म्हणाले. मी पुन्हा वाचलं, स्वल्पविरामांसकट.

"लांबलंय," ते म्हणाले.

"काय?"

"मधला परिच्छेद. मालक काय म्हणाले, तुम्हाला कंटाळा कसा आला, डोळ्यांचं ऑपरेशन. वाचकाला काय करायचंय त्याचं? काढून टाका. जरा वेग येईल."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला मात्र हसू आलं नाही. एकोणीस वर्षं ज्याच्या एका दारासाठी मी लोकांचे टोमणे ऐकले, तो माणूस माझा एक परिच्छेद कापायला निघाला होता.

"एक शब्द काढणार नाही," मी म्हटलं.

"लोकांना कंटाळा येईल."

"येऊ दे."

"मग छापा," ते म्हणाले. "मला काही हरकत नाही. पहिलं प्रकरण घ्या."

"आणि बेण्याचं काय?"

"आधी छापून तर येऊ दे."

छापून आलं. मालक माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत, मग प्रुफं अडली म्हणून बोलले. झेरॉक्स न्यायला आठ-नऊ जण आले, सगळ्यात आधी मार्केट यार्डातले गृहस्थ. बँकवाले आले नाहीत. निवेदन अनावश्यक लांब असल्याचं त्यांनी पत्राने कळवलं.

विसाव्या भागात माळीणबाईला मागच्या रॅकवर एक ट्रे सापडतो. त्यातल्या कांड्या कुजलेल्या नाहीत, कारण त्या गरम पाण्यातून गेलेल्या आहेत. कधी गेल्या, हे पुस्तकात सांगितलेलं नाही. ती बाई खाली बसते आणि कांडी उचलून, डोळे तपासून, फडक्यावर ठेवून मोजायला लागते. एका कांडीला जवळजवळ एक पान. पंचेचाळीस पानं तीच मोजणी चालते.

ती पंचेचाळीस पानं मी त्यांना एका बैठकीत वाचून दाखवली. पंधराव्या पानाला काकूंना डुलकी लागली आणि त्यांचं बोट एका ओळीवर तसंच राहिलं. यानवाले डोळे मिटून ऐकत होते. मलाही कंटाळा आला होता. मी पुढची कांडी वाचायला घेतली.